मेंदूच्या गाठीसाठी रेडिएशन झालेल्या मुलाचं ऐकणं कसं जपायचं: उपचाराआधीपासून मोठं होईपर्यंत

डोक्याला रेडिएशन दिलेल्या मुलाचं ऐकणं कमी झालं, तर ते बहुधा रेडिएशन चालू असताना होत नाही. उपचार संपतात, केस परत येतात, शाळा सुरू होते, स्कॅन चांगले येत राहतात, आणि मग दोन-चार वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा, ऐकणं घसरायला लागतं. तेही सावकाश आणि वरच्या पट्टीच्या आवाजांपासून. हाक मारली की मूल ‘ओ’ देतं, त्यामुळे घरात कुणाला शंकाही येत नाही. शाळेतून मात्र तक्रारी येऊ लागतात: लक्ष नसतं, एकच गोष्ट दोनदा सांगावी लागते, शुद्धलेखन बिघडलंय. मेंदूचं एवढं मोठं दुखणं झालेलं असतं, म्हणून सगळं खापर त्यावरच फुटतं आणि कान तपासायचे राहून जातात.

म्हणून पालकांना माझं पहिलं आणि सगळ्यात कळकळीचं सांगणं हे, की मूल हाकेला ओ देतं यावर विसंबू नका. ऑडिओग्रामवर, म्हणजे कानांच्या तपासणीत निघणाऱ्या आलेखावर विसंबा, आणि ती तपासणी वर्षानुवर्षं चालू ठेवा. हे कसं करायचं, ते आता क्रमाने बघू.

कानात नेमकं काय होतं

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी वळणं असलेला एक छोटा अवयव असतो, कॉक्लिया. त्याच्या आत केसपेशी असतात. त्या आवाजाचं रूपांतर नसेला कळणाऱ्या संदेशात करतात. माणसाच्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. रेडिएशनमुळे या पेशी, त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या आणि ऐकण्याची नस या तिन्हींना इजा होऊ शकते. रक्तवाहिन्यांचं नुकसान हळूहळू वाढत जातं, त्यामुळे परिणाम दिसायला वर्षं लागतात.

कॉक्लिया कानामागच्या हाडात, मेंदूच्या मागच्या-खालच्या भागाला अगदी लागून असते. मुलांमधल्या मेड्युलोब्लास्टोमा आणि एपेंडिमोमासारख्या बऱ्याच गाठी नेमक्या याच भागात होतात. मेड्युलोब्लास्टोमामध्ये गाठीच्या जागेला साधारण ५४ ग्रे (ग्रे हे रेडिएशन मोजायचं माप) एवढा डोस जातो, रोज १.८ ग्रे याप्रमाणे सुमारे सहा आठवडे. त्यातला किती कॉक्लियापर्यंत पोचतो, यावर पुढचं बरंच काही ठरतं. कॉक्लियाला ३० ग्रे किंवा जास्त डोस गेला असेल, तर त्या मुलाच्या कानांवर कायम लक्ष ठेवायचं, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. रेडिएशनची आखणी करताना कॉक्लियाचा सरासरी डोस ३५ ग्रेच्या खाली ठेवण्याचा प्रयत्न केला जातो, आणि जमलं तर त्याहूनही बराच कमी.

धोका नक्की किती? अमेरिकेतल्या सेंट ज्यूड रुग्णालयाने २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आधुनिक पद्धतीचं रेडिएशन घेतलेली, पण सिस्प्लॅटिन हे कॅन्सरचं औषध न मिळालेली २३५ मुलं त्यात होती. सुमारे १४ टक्के मुलांचं ऐकणं कमी झालं, आणि ते सुरू व्हायला साधारणपणे साडेतीन वर्षांहून थोडा जास्त काळ गेला. वय फार लहान असलेल्या, कॉक्लियाला जास्त डोस गेलेल्या आणि डोक्यातलं पाणी काढायला शंट, म्हणजे आतली नळी बसवलेल्या मुलांमध्ये धोका जास्त दिसला.

सिस्प्लॅटिन मिळालं असेल तर चित्र बदलतं. हे औषध स्वतःच केसपेशी मारतं, तेही उपचार चालू असतानाच, आणि बहुधा दोन्ही कानांत सारखंच. रेडिएशन आणि सिस्प्लॅटिन दोन्ही झालेल्या मुलाचा धोका सर्वांत मोठा, आणि त्यांच्यात कमी डोसवरही नुकसान होऊ शकतं. दुर्दैवाने मेड्युलोब्लास्टोमाची बरीच मुलं याच गटात येतात.

याशिवाय एक वेगळा प्रकार आहे, तो बरा होण्यासारखा. रेडिएशनमुळे कानाच्या नळीतली त्वचा कोरडी पडते, मळ घट्ट होऊन साचतो, पडद्यामागे पाणी भरतं. यातही ऐकू कमी येतं, पण आतल्या कानाला काही झालेलं नसतं. मळ काढला किंवा पाण्यावर उपचार केला की फरक पडतो. म्हणून ऐकणं कमी झालं असं कळताच निराश होण्याआधी कान-नाक-घसा डॉक्टरांनी कानात डोकावून बघितलंच पाहिजे.

ऐकू येतं, पण कळत नाही, ते का

इथे जरा थांबू, कारण मुलाच्या रोजच्या अडचणीचं मूळ इथे आहे. बोलण्यातला जोर स्वरांमध्ये असतो, आणि स्वर असतात खालच्या पट्टीत. अर्थ वेगळा करणारी व्यंजनं, विशेषतः स, श, च, ट, थ, ख, फ, वरच्या पट्टीत आणि मुळातच हलकी असतात. वरची पट्टी गेलेल्या मुलासमोर तोंड झाकून ताट, पाट, खाट, चाट असे शब्द म्हणून बघा. त्याला प्रत्येक वेळी ‘आ’ स्पष्ट ऐकू येईल, शब्द कोणता ते मात्र अंदाजाने ठरवावं लागेल. शांत खोलीत, समोर बसून, ओठ बघत तो अंदाज बरोबर येतो. वर्गातल्या गोंगाटात, बाई फळ्याकडे तोंड करून बोलत असताना येत नाही. मोठ्या माणसाकडे भाषेचा साठा असतो, त्यावर तो गाळलेल्या जागा भरून काढतो. भाषा शिकत असलेल्या तीन-चार वर्षांच्या मुलाकडे तो साठा नसतो. म्हणूनच या वयात ‘थोडंसंच कमी आहे’ हे वाक्य मला मान्य नाही.

पायरी पहिली: रेडिएशन सुरू होण्याआधी

उपचार अजून सुरू व्हायचे असतील तर तीन गोष्टी करून घ्या.

एक, कानांची पहिली तपासणी. पुढची प्रत्येक तपासणी हिच्याशी ताडून बघायची असते. ऑपरेशननंतर मूल थकलेलं असतं, पण रेडिएशन किंवा सिस्प्लॅटिनच्या पहिल्या डोसाआधी ही झालेली बरी. मूल सहकार्य करण्याच्या स्थितीत नसेल तर झोपेत करता येणारी, ऐकण्याच्या नसेचा प्रतिसाद मोजणारी बेरा तपासणी मागा.

दोन, रेडिएशनच्या डॉक्टरांना सरळ विचारा: ‘आखणीत उजव्या आणि डाव्या कॉक्लियाला सरासरी किती ग्रे जातायत? यापेक्षा कमी करता येईल का?’ हा प्रश्न त्यांना नवा नसतो. हल्लीच्या आखणीत कॉक्लिया वेगळी आखून घेतात आणि तिला वाचवण्याचा प्रयत्न करतात. शक्य तिथे मेंदूच्या संपूर्ण मागच्या भागाऐवजी गाठीची जागा आणि भोवतालची थोडी कड एवढ्यालाच वाढीव डोस देतात. प्रोटॉन उपचारात, म्हणजे नेहमीच्या क्ष-किरणांऐवजी प्रोटॉन कणांनी दिलेल्या रेडिएशनमध्ये, कॉक्लियाचा डोस आणखी कमी करता येतो. मात्र गाठ कॉक्लियाला चिकटून असेल तर तिला डोस कमी देणं हे गाठीलाच कमी देणं ठरेल. तिथे डॉक्टर ‘नाही’ म्हणाले तर ते योग्यच आहे. जीव आधी, कान नंतर.

तीन, सिस्प्लॅटिन ठरलं असेल तर सोडियम थायोसल्फेटबद्दल विचारा. सिस्प्लॅटिननंतर सहा तासांनी शिरेतून दिलं जाणारं हे औषध कानांचं नुकसान कमी करतं. न पसरलेल्या गाठी असलेल्या मुलांसाठी अमेरिकेत त्याला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. गाठ पसरलेली असेल तर ते कॅन्सरच्या औषधाचा जोर कमी करेल अशी भीती असते, त्यामुळे निर्णय कॅन्सरच्या डॉक्टरांचाच. आणि हे संरक्षण सिस्प्लॅटिनपुरतं आहे, रेडिएशनपासून कान वाचवणारं असं औषध आज नाही.

पायरी दुसरी: एक कागद कायमचा जपून ठेवा

उपचार संपले की उपचारांचा सारांश लेखी मागा. त्यात एवढं असलंच पाहिजे: गाठीचं नाव आणि जागा, रेडिएशनच्या तारखा आणि एकूण ग्रे, दोन्ही कॉक्लियांचा सरासरी डोस, सिस्प्लॅटिन आणि त्याच गटातल्या कार्बोप्लॅटिनची एकूण मात्रा, शंट आहे का आणि कोणत्या प्रकारचा, जेंटामायसिन किंवा अमिकासिनसारखी कानाला बाधणारी अँटिबायोटिक्स दिली होती का. कॉक्लियाचा आकडा सारांशात बहुधा नसतो, तो मुद्दाम मागावा लागतो. दहा वर्षांनी तो शोधून काढणं फार कठीण जातं, म्हणून आत्ताच घ्या. प्रत्येक ऑडिओग्रामची प्रतही याच फाइलमध्ये, तारखेप्रमाणे लावून ठेवा.

पायरी तिसरी: तपासणीचं वेळापत्रक

सिस्प्लॅटिन चालू असताना प्रत्येक फेरीआधी तपासणी व्हावी. उपचार संपल्यानंतरसाठी २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने शिफारशी केल्या आहेत: सहा वर्षांखालच्या मुलांची दर वर्षी, सहा ते बारा वर्षांच्या मुलांची एक वर्षाआड, त्यापुढे दर पाच वर्षांनी. यात कमी आढळलं की निदान वर्षातून एकदा, किंवा ऑडिऑलॉजिस्ट (ऐकण्याची तपासणी करणारे तज्ज्ञ) सांगतील तसं.

हे किमान आहे, आणि बारा वर्षांपुढच्या मुलांसाठीचं पाच वर्षांचं अंतर मला उपचारानंतरच्या सुरुवातीच्या काळात फार मोठं वाटतं. तेराव्या वर्षी रेडिएशन झालेल्या मुलाची पुढची तपासणी अठराव्या वर्षी झाली, तर नुकसान सुरू होण्याचा सगळा काळ, आणि शाळेची महत्त्वाची वर्षंही, मध्येच निघून जातील. कॉक्लियाला ३० ग्रेहून जास्त डोस गेला असेल किंवा सिस्प्लॅटिनही झालं असेल, तर निदान पहिली काही वर्षं दर वर्षी तपासणी मागून घ्या. ती साधी, न दुखणारी तपासणी आहे, तिच्यापायी काही बिघडत नाही.

कोणत्या वयाला कोणती तपासणी, हेही माहीत असू द्या. अगदी लहान बाळाला किंवा सहकार्य न करणाऱ्या मुलाला बेरा, म्हणजे झोपेत डोक्याला तारा लावून नसेचा प्रतिसाद मोजणं. सहा महिन्यांपासून साधारण अडीच वर्षांपर्यंत, आवाज आला की मान वळवली तर खेळणं उजळतं, अशी तपासणी. अडीच ते पाच वर्षांत खेळातून, ‘आवाज आला की ठोकळा टाक’. त्यानंतर मोठ्यांसारखंच हेडफोन लावून बटण दाबणं. सोबत पडद्यामागच्या दाबाची टिम्पॅनोमेट्री आणि केसपेशींची हालचाल मोजणारी ओएई असते. बेरा आणि ओएई उपयोगी आहेत, पण मूल बटण दाबण्याच्या वयाचं झालं की पूर्ण ऑडिओमेट्रीचा आग्रह धरा. सहा वर्षांपुढे ८००० हर्ट्झपर्यंत तपासायचंच, आणि यंत्र असेल तर त्याच्याही वर. शाळेतल्या सामूहिक कानतपासणीवर भागवू नका, त्यात वरच्या पट्ट्या बहुधा घेतच नाहीत.

पायरी चौथी: ऑडिओग्राम स्वतः वाचायला शिका

कागद समोर ठेवा. डावीकडून उजवीकडे आवाजाची पट्टी चढत जाते, २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत. वरून खाली आवाजाचा जोर वाढतो, डेसिबलमध्ये. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. खूण जितकी खाली, तितका मोठा आवाज लागला. मुलाच्या सगळ्या खुणा २० डेसिबलच्या रेघेच्या वर, म्हणजे २० हून कमी आकड्यावर राहिल्या पाहिजेत, १५ च्या रेघेच्या वर असल्या तर उत्तम.

आता उजवं टोक बघा. ६००० आणि ८००० च्या खुणा खाली उतरल्या असतील आणि बाकी रेघ सरळ असेल, तर नुकसान नुकतंच सुरू झालंय. ४००० ची खूण उतरली की व्यंजनं निसटायला लागतात. २००० पर्यंत आलं की श्रवणयंत्राची गरज जवळजवळ नक्की. ऐकण्याचं नुकसान मोजायची कॅन्सरच्या डॉक्टरांची बोस्टन श्रेणी याच क्रमाने चढते, १ पासून ४ पर्यंत.

आणखी एक जोडी बघायची असते: हवेतून (हेडफोनमधून) ऐकलेलं आणि हाडातून (कानामागच्या हाडावर कंपन देऊन) ऐकलेलं. हाडाच्या खुणा चांगल्या आणि हवेच्या खाली असतील, तर दोष मळ, पाणी किंवा पडद्यात आहे, म्हणजे उपचाराला वाव आहे. दोन्ही एकत्र खाली गेल्या असतील तर आतला कान. मागच्या वेळचा कागद शेजारी ठेवून बघण्याची सवय लावा. ‘नॉर्मल’ असा शेरा असूनही ८००० ची खूण ५ वरून २० वर आली असेल, तर ती ऑडिऑलॉजिस्टला दाखवा आणि पुढची तपासणी लवकर ठरवा.

पायरी पाचवी: दोन तपासण्यांच्या मध्ये घरी काय बघायचं

मूल ‘काय?’ वारंवार विचारू लागलंय का, टीव्हीचा आवाज वाढवतंय का, बोलणाऱ्याच्या ओठांकडे टक लावून बघतंय का, गर्दीच्या जेवणाच्या टेबलावर गप्प होतंय का. मागून किंवा शेजारच्या खोलीतून सांगितलेलं निसटतंय का. शब्दांच्या शेवटची व्यंजनं गाळतंय का. शाळेतून आल्यावर पार गळून जातंय का, कारण दिवसभर ताणून ऐकणं दमवणारं असतं. कानात शिट्टी किंवा गुणगुण वाजते असं म्हणतंय का. लहान मुलं हे आपणहून सांगत नाहीत, त्यांना वाटतं सगळ्यांनाच असं ऐकू येतं.

ऐकणं एक-दोन दिवसांत अचानक कमी झालं, तर वेळापत्रकाची वाट बघू नका, लगेच कान-नाक-घसा डॉक्टरांना गाठा. सोबत डोकेदुखी, उलट्या, गुंगी, चालताना तोल जाणं किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं यातलं काही असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय. शंट बंद पडणं किंवा गाठ परत येणं, दोन्ही आधी तपासलं जायला हवं.

पायरी सहावी: ऐकणं कमी झालंय असं कळल्यावर

श्रवणयंत्र लावायला उशीर करू नका. ‘थोडं आणखी बघू’ यात जाणारे महिने भाषेच्या आणि अभ्यासाच्या वाट्याचे असतात. रेडिएशनचं नुकसान पुढे सरकत जाऊ शकतं, म्हणून पुढे जोर वाढवता येईल असंच यंत्र घ्या. यंत्र बसवल्यावर कानात बारीक नळी घालून प्रत्यक्ष आवाज मोजून घेतला का, हे विचारा. नुसतं कॉम्प्युटरच्या अंदाजावर लावलेलं यंत्र मुलांना कमी पडतं. कानाची त्वचा रेडिएशनने सोललेली किंवा नाजूक असेल तर यंत्रासाठी कानाचा साचा घेण्याआधी ती बरी होऊ द्या. कान सतत वाहत असेल तर हाडातून आवाज पोचवणारं यंत्र हा पर्याय असतो.

रोज सकाळी यंत्र घातलं की सहा आवाजांची परीक्षा घ्या: म, ऊ, आ, ई, श, स. तोंड हाताने झाकून, आधी एक मीटरवरून आणि मग तीन मीटरवरून, नेहमीच्या आवाजात, क्रम बदलून. मुलाने तो आवाज परत म्हणायचा. म ते स असा हा खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचा प्रवास आहे. काल ‘स’ येत होता आणि आज येत नाही, तर आधी नळीत मळ किंवा ओल आहे का आणि बॅटरी ठीक आहे का बघा. तिथे काही नसेल तर तपासणीची वेळ घ्या. मिनिटभराचं काम आहे, पण मोठ्या तपासणीच्या कितीतरी आधी धोक्याची सूचना देतं.

शंटमध्ये चुंबकाने दाब बदलता येणारा व्हॉल्व्ह असेल, तर हेडफोन, काही यंत्रं आणि कॉक्लिअर इम्प्लांटचं (ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायच्या यंत्राचं) चुंबक त्याच्या जवळ नेण्याआधी मेंदूच्या सर्जनना विचारा. व्हॉल्व्ह बहुधा कानाच्या मागे-वरच असतो, म्हणून हे विसरता कामा नये.

यंत्राने भागत नसेल तर कॉक्लिअर इम्प्लांटचा विचार होतो. रेडिएशन झालेल्या मुलांमध्येही तो करतात आणि अनेकांना त्याचा चांगला उपयोग होतो. पण या मुलांना पुढेही एमआरआय लागत राहतात. इम्प्लांटच्या चुंबकामुळे प्रतिमेत त्या बाजूला काळा डाग येतो, आणि गाठीची जागा नेमकी त्याखाली झाकली जाऊ शकते. म्हणून कोणत्या बाजूला, कोणत्या बनावटीचं, हे कॅन्सरचे डॉक्टर, रेडिऑलॉजिस्ट आणि कानाचे सर्जन यांनी एकत्र बसून ठरवायला हवं. इम्प्लांटआधी न्यूमोकॉकसच्या लसी पूर्ण करून घ्याव्या लागतात.

पायरी सातवी: शाळा

वर्गात नुसतं यंत्र पुरत नाही, कारण ते बाईंच्या आवाजाबरोबर बाकांचा आवाजही मोठा करतं. रिमोट मायक्रोफोन घेता आला तर जरूर घ्या. शिक्षकांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर लावलेला माइक त्यांचा आवाज थेट मुलाच्या यंत्रात पोचवतो. वरची पट्टी थोडीशीच गेलेल्या, यंत्र नसलेल्या मुलालाही याचा फायदा होतो. बसायला पुढची जागा, पण अगदी पहिल्या बाकाचं टोक नको. दुसऱ्या ओळीत, बरा कान वर्गाकडे करून, म्हणजे मित्र काय विचारतायत हेही दिसेल. शिक्षकांना दोनच विनंत्या करा: फळ्याकडे तोंड करून बोलू नका, आणि दुसऱ्या मुलाने विचारलेला प्रश्न एकदा मोठ्याने परत सांगा. व्हिडिओ दाखवताना खाली अक्षरं सुरू ठेवायला सांगा.

रेडिएशननंतर बऱ्याच मुलांचा विचार करण्याचा वेगही मंदावतो. ऐकू कमी आणि वेग कमी, दोन्ही एकत्र आले की मूल वर्गात मागे पडतं आणि त्याला आळशी ठरवलं जातं. मानसशास्त्रीय चाचणी करायची असेल तर आधी कान तपासा, यंत्र घालूनच चाचणीला बसवा, आणि परीक्षकांना ऑडिओग्राम दाखवा. नाहीतर न ऐकू आलेला प्रश्न ‘न आलेला’ म्हणून मोजला जातो. हा अन्याय टाळणं पूर्णपणे आपल्या हातात आहे.

पायरी आठवी: उरलेलं ऐकणं जपणं

हेडफोनसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मुलांना ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी आहे. फोनमध्ये आवाजाची कमाल पातळी बांधून टाका. फटाके, स्पीकरच्या भिंती, मशीनचा कारखाना अशा ठिकाणी कान झाकणारे मफ घालायचे. कापसाच्या काड्या कानात घालायच्या नाहीत, मळ डॉक्टरांकडूनच काढून घ्यायचा, कारण रेडिएशन झालेली त्वचा सहज सोलते आणि हळू भरते. कुठलाही डॉक्टर जेंटामायसिन, अमिकासिन किंवा फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) लिहून देत असेल, तर आधी फाइल दाखवा. ही औषधं जीव वाचवायला लागली तर घ्यावीच लागतात, पण पर्याय असेल तर डॉक्टर तो निवडतील.

मूल चौदा-पंधरा वर्षांचं झालं की हळूहळू ही फाइल त्याच्या हाती द्या. तपासणीच्या खोलीत त्याला एकट्याला बसू द्या, ऑडिओग्राम त्यालाच वाचायला लावा, पुढची तारीख त्यालाच घेऊ द्या. पुढे शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी दुसरीकडे गेल्यावर नव्या डॉक्टरांना त्याने स्वतः एवढं सांगता आलं पाहिजे: कितव्या वर्षी, कुठल्या गाठीसाठी, कॉक्लियाला किती ग्रे, सिस्प्लॅटिन मिळालं होतं की नाही, आणि शेवटचा ऑडिओग्राम कधीचा.